चढणीचे टायर

गाडी थांबली तेव्हा संस्कृतीला वाटलं, आलो. तिने मांडीवरचा कापण्यांचा डबा उचलला आणि दाराच्या कडीला हात घातला.

"बस जरा," कानिफनाथ म्हणाला. "अजून चढ राहिलाय."

चढ समोरच होता. कातळवाडीला जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावरचा हा शेवटचा चढ. खाली तांबडा चिखल, मध्ये उघडा पडलेला ओला कातळ, आणि वर वळणावर पुन्हा चिखल. उन्हाळ्यात इथून गाडी कुरकुर न करता जायची. आता मागची चाकं जागच्या जागी फिरत होती. कानिफनाथने पुन्हा पुन्हा जोर लावून पाहिला. शेवटी गाडी पुढे जायचं सोडून हळूच आडवी सरकली, ती नेमकी दरीच्या बाजूला. एकटा असता तर त्याने आणखी एकदा नशीब अजमावलं असतं. पण शेजारी मुलगी होती. त्याने गाडी अलगद मागे घेतली आणि खालच्या सपाट जागेवर आणून उभी केली.

कानिफनाथ नगरच्या एमआयडीसीत एका कंपनीत मेंटेनन्सला होता. घर सावेडीत, फ्लॅट. घरात तो, त्याची आई बनुबाई आणि दुसरीत जाणारी संस्कृती. बायको अश्विनी नर्स होती. दोन वर्षांपूर्वी तिची नेमणूक अकोले तालुक्यात, राजूरच्याही पलीकडे, डोंगरातल्या कातळवाडीच्या उपकेंद्रात झाली. तेव्हा सगळेच म्हणाले होते, वर्षभराचा तर प्रश्न आहे. आता तसं कुणी म्हणत नव्हतं. शनिवारी दुपारी शिफ्ट सुटली की कानिफनाथ मुलीला घेऊन निघायचा. राहुरी, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असं करत दिवस मावळताना कातळवाडीला पोचायचा आणि रविवारी संध्याकाळी परत फिरायचा. हिवाळ्या-उन्हाळ्यात हे निभायचं. पावसाळा लागला की हा चढ मध्ये यायचा. मागच्या पावसाळ्यात तो एकटाच येत होता, गाडी फाट्यावर लावून पायी वर जायचा. यंदा मात्र संस्कृती ऐकायला तयार नव्हती. आषाढ लागल्यापासून तिने आईला पाहिलं नव्हतं.

"पप्पा, ती बघा आई!"

दरीच्या पलीकडे उंचवट्यावर उपकेंद्राची बसकी इमारत दिसत होती आणि तिच्यापुढे एक हिरवी छत्री. एवढ्या लांबून माणूस ओळखू येत नव्हतं. पण छत्री ओळखीची होती, बनुबाईंनीच ती सुनेला दिली होती. संस्कृतीने काच खाली केली. पाऊस आत आला. ती अर्धी बाहेर वाकून हात हलवायला लागली, ओरडायला लागली. आवाज पोचण्यासारखा नव्हता आणि मोबाईलला इथे रेंज नव्हती. पण छत्री हलली. वर-खाली, वर-खाली.

मग ती छत्री इमारतीच्या कडेने खाली यायला निघाली. तेवढ्यात धुकं उतरलं. आधी इमारत गेली, मग छत्री गेली, मग पलीकडचा अख्खा डोंगरच गेला.

"आई येतेय ना पप्पा?"

"येत असेल."

ते थांबून राहिले. मागच्या बाजूने एक माणूस इरलं पांघरून आला. कातळवाडीत अश्विनीला सगळे ताई म्हणत, त्यामुळे कानिफनाथ साऱ्या गावाचा दाजी झाला होता.

"दाजी, मागं वढ्याला पाणी वाढाया लागलंय," तो माणूस म्हणाला. "आता नाय फिरलात तर हितंच अडकाल. पोरगी हाय संगं."

कानिफनाथने समोर पाहिलं. धुक्यात काहीच हलत नव्हतं. अश्विनी खाली यायला निघाली की अर्ध्यातून परत गेली, कळायला मार्ग नव्हता. त्याने गाडी वळवली. संस्कृती राजूरपर्यंत रडली. नंतर डबा पोटाशी धरून तशीच झोपून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अश्विनीचा फोन आला. उपकेंद्रामागच्या टेकाडावर चढलं की तिथे थोडी रेंज यायची.

"मी खाली आले होते," ती म्हणाली.

"कुठपर्यंत?"

"तुम्ही गाडी लावली होती तिथपर्यंत. चाकांचे ठसे होते, त्यात पाणी साचत होतं. अहो, त्या ठशांना नक्षीच नव्हती. नुसता सपाट पट्टा उठला होता. टायर पार गुळगुळीत झालेत तुमचे."

"मग किती वेळ थांबलीस तिथं?"

"थांबले थोडी. वाटलं, गाडी कुठं तरी वळवून परत येताय की काय."

फोन ठेवल्यावर तो खाली पार्किंगमध्ये गेला आणि गाडीपाशी उकिडवा बसला. डांबरावर अजून वर्षभर चालले असते ते टायर. त्याने टायरवरून हात फिरवला. तळहाताला काहीच लागलं नाही.

*

टायर बदलायचे हे त्याच दिवशी ठरलं. कुठले घ्यायचे, ते ठरायला मात्र बरेच दिवस गेले. खरं तर एवढे दिवस जायची गरज नव्हती.

कानिफनाथ कामावरून आला की व्हिडिओ बघायचा, कंपनीतल्या गाडीवाल्यांना विचारायचा, आणि मग अश्विनीला प्रश्न पाठवायचा. चढावर चिखल किती खोल आहे? खाली कडक लागतं का? ती टेकाडावर गेली की तिला ते प्रश्न मिळायचे. दुसऱ्या दिवशी कधीतरी तिचा आवाजी निरोप यायचा.

"आज मुद्दाम चढावर जाऊन आले. चिखलात पाय घालून बघितला. घोट्याच्या वर गेला, मग खाली कडक लागलं. मुरूम असावा. चप्पल तिथंच राहिली, ती हातानं काढावी लागली. संस्कृती जेवली का?"

दुसऱ्या दिवशी: "कातळावर कडेकडेनं शेवाळ आहे. मधे नाही, मधे घासून गेलंय. पण कडेला कपच्या आहेत बघा, विळ्यासारख्या. गावातल्या सहादेवच्या टेम्पोचा टायर खालून नाही, कडेनं फाटला होता. म्हणजे कड जाड पाहिजे. आज इथं नाचणीची लावणी चाललीय."

हे निरोप तो गच्चीवर जाऊन ऐकायचा. पुन्हा ऐकायचा. तिच्या बोलण्यामागे कधी कुणाचं बाळ रडत असायचं, कधी कोंबडा आरवायचा. एका निरोपात ती चढावरच्या वळणाबद्दल बोलता बोलता गप्प झाली होती. बराच वेळ नुसता वारा वाजत होता. मग "बरं, ठेवते" असं म्हणून निरोप संपला होता. तो निरोप त्याने जास्त वेळा ऐकला. चढाबद्दल विचारण्यासारखं जेव्हा काही उरलं नाही, तेव्हा त्याने विचारलं, वळणावरून गाडी एका दमात वळेल का? वास्तविक ते वळण त्याच्याइतकं चांगलं कुणालाच ठाऊक नव्हतं.

अश्विनीने उत्तर दिलं, "तुम्हाला माहितीय ते." मग हसून म्हणाली, "तरी सांगते." आणि सगळं वळण पहिल्यापासून सांगितलं.

मनमाड रोडला हर्षलचं टायरचं दुकान होतं. हर्षल त्याचा आयटीआयपासूनचा मित्र. त्याची स्वतःची गाडी एवढी उंच होती की आत शिरायला पायरी लावावी लागायची.

"एवढा विचार काय करतो?" हर्षल म्हणाला. "आपण तुझी गाडी दोन इंच उचलू. खाली चिखलाचे मोठे टायर टाकू, एवढाली बटणं असलेले. रणगाडा होईल रणगाडा!"

"गाडी आहे तेवढीच राहू दे," कानिफनाथ म्हणाला. "आईचे गुडघे गेलेत. आत्ताच मला धरून चढते ती."

"मग नुसते मोठे टायर टाकू. उचलायचं नको."

हर्षलने एक मोठा टायर पुढच्या चाकाला चढवून दाखवला. दिसायला रुबाबदार दिसत होता. कानिफनाथ आत बसला आणि त्याने स्टिअरिंग पूर्ण वळवलं. खर्र, असा आवाज आला. टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासत होता.

"हे काय, पूर्ण कशाला वळवतो? एवढं वळवायला लागतंय कुठं?"

"लागतं. चढाच्या शेवटी तसंच वळण आहे." कानिफनाथला त्या क्षणी अश्विनीचं वळणाचं वर्णन आठवलं आणि तो उगीचच बाहेर बघायला लागला.

मग राहिला प्रश्न नक्षीचा. हर्षलच्या मते कंपनीच्याच मापात चिखलाचे टायर घ्यावेत, त्यांच्यासारखं काही नाही. कानिफनाथला ते पटत होतं आणि नव्हतंही. चिखल होता तो शेवटच्या तुकड्यात. त्याच्या आधी सगळं डांबर, तेही पावसात भिजलेलं, आणि गाडीत पोरगी. चिखलाच्या टायरांच्या मोठ्या ठोकळ्यांना ओल्या डांबरावर ब्रेक मारला की धड पकड राहत नाही, हे त्याने दोघातिघांकडून ऐकलं होतं. हर्षलला विचारलं तेव्हा त्यानेही डोकं खाजवत "तसं आहे खरं" म्हणून मान्य केलं.

शेवटी मागच्या घडवंचीवरून एक टायर निघाला. गाडीच्याच मापाचा, ऑल-टेरेन. मधली नक्षी डांबराला धरून राहील अशी एकमेकांत गुंतलेली, पण खाचा खोल. ठोकळे कडेवरून खाली उतरलेले, आणि कड दाबली तर बोटाला दाद देत नव्हती. कानिफनाथने खाचेत अंगठा घातला. नख पूर्ण बुडालं. त्याने तसाच अंगठा ठेवून फोटो काढला आणि अश्विनीला पाठवला.

"चालू दे तुझं," हर्षल म्हणाला. "लोक बायकोला साडीचा फोटो पाठवतात."

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "चांगला वाटतोय. पण पाच घ्या. तुम्ही स्टेपनी जुनीच ठेवाल, मला माहितीय. आणि नखं कापा, किती वाढलीत."

टायर बसवून गाडी घरी आली तेव्हा बनुबाई मुद्दाम खाली उतरल्या. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाल्या, "हे तं ट्रॅक्टरचं चाक हाय."

"न्हाई गं आई. चिखलात चालत्यात हे, आन् डांबरावर बी."

"काय बी आसू दे. पोरीला तिच्या आईपाशी नेतंय का, तेवढं सांग."

"नेईल की."

"मंग लई झालं," म्हणून त्यांनी पुढच्या चाकावर हात ठेवला आणि तो कपाळाला लावला.

*

त्या शनिवारी पाऊस भुरभुरत होता. फाट्यावर कानिफनाथने चारही चाकांतली हवा थोडी कमी केली, म्हणजे टायर जमिनीला जास्त चिकटतो. ओढ्याला पाणी जेमतेम होतं. चढापाशी आल्यावर संस्कृतीने डोळे गच्च मिटले.

"पप्पा, झालं की सांगा."

तो घाई न करता चिखलात शिरला. चाकं फिरली, किंचित सरकली, आणि मग खाली मुरमाला लागली. हे त्याला बुडाखालच्या सीटमधून कळलं. गाडी चालायला लागली. कातळावर आल्यावर त्याने कडेच्या कपच्या टाळून मधला घासलेला पट्टा धरला. वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. कुठेही काही घासलं नाही. पुढच्या काचेत एकदम आभाळ आलं, आणि मग सपाटी.

"झालं," तो म्हणाला.

अश्विनी उपकेंद्राच्या पायरीवर उभी होती. संस्कृती दार उघडून पळाली ती चिखलातूनच. अश्विनीने तिला उचललं. आता ती उचलण्याएवढी लहान राहिली नव्हती. दोघी तशाच धडपडत पायरीवर बसल्या. कानिफनाथ गाडीजवळच उभा राहिला. त्याला पुढे जाववेना. दोन वर्षांत त्याने बायकोला इतक्या निवांतपणे पाहिलंच नव्हतं. प्रत्येक वेळी येताना त्याच्या डोक्यात परतीची वेळ असायची. केस थोडे पांढरे झाले होते तिचे, कानाजवळ. ते तिने फोनवर सांगितलं नव्हतं.

नंतर ती गाडीपाशी आली, वाकली आणि चिखलाने भरलेल्या टायरच्या खाचेत बोट घातलं.

"फोटोत एवढे मोठे वाटले नव्हते," ती म्हणाली.

"चढली एका दमात."

"आवाज ऐकला मी. पण गाडी वर दिसेपर्यंत आतच होते, बाहेर नाही आले."

"का?"

"मागच्यासारखं झालं असतं तर?"

त्या रात्री उपकेंद्रामागच्या खोलीत संस्कृती आईच्या कुशीत शिरून शाळेचं, शेजारच्या मांजराचं, बनुबाईंच्या गुडघ्यांचं सगळं सांगत राहिली आणि सांगता सांगताच झोपली. कानिफनाथला पुष्कळ बोलायचं होतं. तिच्या बदलीच्या अर्जाचं होतं. आणि ज्याला नाव नाही असंही काही होतं. पण मध्ये पोरगी झोपलेली.

"उद्या बोलू," अश्विनी हळू आवाजात म्हणाली. "उद्या अख्खा दिवस आहे."

सकाळी चहा उकळायच्या आधीच सहादेव पळत आला. त्याचा टेम्पो पावसाळ्यात खाली राजूरलाच असायचा. "ताई, आई पडली! झऱ्यावर पाय सटाकला. पाय हलवीत नाय."

सहादेवची आई म्हणजे राहीबाई. अश्विनी नवीन आली तेव्हा पहिले पंधरा दिवस तिला भाकरी याच म्हातारीच्या घरून यायची. अश्विनी पिशवी घेऊन गेली. परत आली ती चार माणसांसोबत. घोंगडीत राहीबाईला उचलून आणलं होतं आणि पायाला दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या बांधल्या होत्या. खुब्याचं हाड असावं, असं अश्विनी म्हणाली. पावसाळ्यात रुग्णवाहिका फाट्यापर्यंतच येऊ शकायची. तिथपर्यंत डोलीतून नेलं तर म्हातारीचे हाल झाले असते.

सगळे गाडीकडे बघत होते. अश्विनीने मात्र कानिफनाथकडे पाहिलं. त्याने खिशातून किल्ली काढली.

मागच्या सीटवर राहीबाईला आडवं केलं. अश्विनी सीटच्या खाली गुडघ्यावर बसली आणि एका हाताने तिचा पाय धरून ठेवला. दुसरा हात म्हातारीने घट्ट पकडला होता. सहादेव मागे सामानाच्या जागेत अंग चोरून बसला. संस्कृती पुढे. कानिफनाथने गाडी अशी उतरवली की जणू काचेच्या बरण्या भरल्या आहेत. हवा कमी होती म्हणून दणके कमी बसत होते. तरी एखाद्या दगडावर गाडी उसळली की म्हातारी "बाई गं" म्हणून कळवळायची. मग अश्विनी तिला म्हणायची, "झालं हं, राहीआई, झालं. मी आहे ना."

संस्कृती पूर्ण मागे वळून बघत होती. सगळा रस्ता ती तशीच बसली.

राजूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं. अश्विनीचा अंदाज बरोबर होता. म्हातारीला पुढे संगमनेरला न्यायचं ठरलं. रुग्णवाहिकेत सहादेव तिच्यासोबत बसला. तरी राहीबाई अश्विनीचा हात सोडेना. अश्विनीने एकेक बोट हळूहळू सोडवलं.

परत निघेपर्यंत दुपार कलली होती. अश्विनीने संस्कृतीला पेढे घेऊन दिले. ते तिने हातातच धरून ठेवले. तिघंही पुढच्या सीटवर होती, संस्कृती आईच्या मांडीवर. फाटा गेल्यावर ती बोलली.

"आई, तू त्या आजीचा हात किती वेळ धरला होतास."

"दुखत होतं ना तिला."

"मला पण दुखतं कधी कधी."

"कुठं गं?" अश्विनीने तिचं कपाळ पाहिलं, मग पोट.

"सावेडीत," संस्कृती म्हणाली.

अश्विनीचा हात तिच्या पोटावर होता तो तिथेच राहिला. कानिफनाथने गिअर बदलला. बदलायची गरज नव्हती.

"मी इथंच राहते," संस्कृती पुढे म्हणाली. रडत नव्हती. मनाशी पक्कं करून सांगत होती. "इथल्या लोकांना काही झालं की तू जातेस. मग मी पण इथली होते."

चढ आला. त्याने गाडी चिखलात घातली. गाडी चढली.

निघायची वेळ झाली तेव्हा संस्कृती गाडीपाशी आली नाही. ती खोलीच्या दारात कडी धरून उभी होती. अश्विनी बाहेर आली.

"आठवडाभर राहू दे?" तिने विचारलं. तिच्या आवाजात एवढी आशा होती की कानिफनाथला तिच्याकडे बघवेना.

"शाळा?"

"समोरच आहे की. सरांना सांगते मी. आठ दिवस बसेल."

त्याने दाराकडे पाहिलं. दोन वर्षं रोज सकाळी तो संस्कृतीची वेणी घालत होता. सुरुवातीला वाकडी यायची, मग सरळ यायला लागली. शाळेतल्या बाईंनी एकदा विचारलं होतं, आजी घालते का गं? संस्कृतीने मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, पप्पा घालतात.

"राहू दे," तो म्हणाला.

अश्विनीने मान हलवली. त्याच्या बाहीवर चिखलाचा एक गोळा वाळला होता, तो तिने नखाने खरवडून काढला. काढून झाला तरी ती तिथेच बोट फिरवत राहिली.

"आपलं बोलायचं राहिलंच," ती म्हणाली.

"पुढल्या शनिवारी."

"तुम्ही पण राहा ना आजचा दिवस." म्हणाली आणि स्वतःच मान फिरवली. सकाळची पहिली शिफ्ट होती त्याची, हे तिला माहीत होतं.

उतारावर मागे वळून बघता येत नाही. त्याने फाट्यावर हवा भरली तेव्हा मागे पाहिलं, पण तिथून डोंगराआड काही दिसत नाही. येताना संस्कृतीच्या बडबडीत नव्या टायरांचा आवाज त्याला ऐकूच आला नव्हता. आता अकोल्यापासून डांबरावर नुसती घरघर चालली होती. शेजारच्या सीटवर पेढ्यांचा पुडा राहिला होता, न उघडलेला.

बनुबाई दार उघडून त्याच्या मागे बघायला लागल्या.

"पोरगी झोपली का गाडीत?"

"न्हाई. आईपाशी ठिवली. आठ दिवस."

बनुबाई आत गेल्या. त्यांनी ताट वाढलं, समोर बसल्या. मग म्हणाल्या, "बरं केलंस." आणि भाकरी वाढता वाढता, "अश्विनी बी वरसापुरती म्हनूनच गेल्ती."

*

आठ दिवसांचे पंधरा झाले. पुढच्या शनिवारी संस्कृती त्याला नाचणीच्या शेतात घेऊन गेली. त्याच्या पुढच्या शनिवारी तिने आपल्या मैत्रिणींची नावं सांगितली. तिच्या बोलण्यात "नाही"च्या ठिकाणी "नाय" येऊ लागलं. तिसऱ्या खेपेला कानिफनाथने स्वतःहून विचारलं, दाखला काढू का? अश्विनी म्हणाली, "तुमचं कसं होईल?" तो म्हणाला, "माझं काय." सावेडीच्या शाळेतून दाखला त्यानेच काढून आणला. बदलीच्या अर्जाचं बोलणं झालं. अर्ज गेला. त्याचं काय होईल ते मेमध्ये कळणार होतं.

राहीबाई संगमनेरहून परत आली, तेव्हा फाट्यावरून घरी तिला कानिफनाथनेच नेलं. त्यानंतर असा एकही रविवार गेला नाही की कुणी गाडीपाशी येऊन उभं राहिलं नाही. कधी ताप, कधी तपासणीची तारीख, कधी कुणाची गरोदर सून. कानिफनाथ किल्ली काढायचा. मागच्या आरशात अश्विनी दिसायची, कुणाच्या तरी शेजारी बसलेली. बोलायचं होतं ते थोडं थोडं करून असंच झालं, राजूरहून परतताना.

सप्टेंबरमध्ये एका बुधवारी कंपनीत बिघाड झाला आणि सगळ्यांना सुट्टी दिली. घरी न जाता कानिफनाथने तसाच राहुरीचा रस्ता धरला. कुणाला कळवलं नाही. कळवून उपयोगही नव्हता, टेकाडावर चढल्याशिवाय तिला निरोप मिळणार नव्हता. आईला तेवढा फोन केला. बनुबाई म्हणाल्या, "जा बाबा. सावकास जा."

दुपारी तो चढ चढून वर आला. पाऊस उघडला होता. सगळीकडे पिवळी फुलं आली होती. शाळेच्या आवारात मुलं रांगेत उभी होती, ताटल्या घेऊन. त्यात संस्कृती होती. पुढच्या मुलीच्या कानात काहीतरी सांगत होती आणि दोघी हसत होत्या. वेणी घट्ट आणि सरळ होती. तिने त्याला पाहिलं नाही. त्यानेही हाक मारली नाही.

उपकेंद्राला कुलूप होतं. पायरीवर दोन बायका बाळं घेऊन बसल्या होत्या आणि एक म्हातारा, पायाला फडकं बांधलेला.

"ताई वरच्या वाडीवर गेल्यात, दाजी," एक बाई म्हणाली. "लसी द्याया. येतील आता."

"कधी गेल्यात?"

"सकाळच्यानं गेल्यात. येतील की. आमी बी बसलोय."

म्हाताऱ्याने सरकून जागा केली. कानिफनाथ पायरीवर बसला. वरच्या वाडीची पायवाट समोरच्या डोंगरावर दिसत होती. गवतातून वर जाऊन ती एका खडकाआड नाहीशी होत होती. सगळे तिकडेच बघत होते. त्या बाईच्या मांडीवरचं बाळ किरकिरायला लागलं, तसं तिने ते खांद्यावर घेतलं आणि थोपटत म्हणाली, "येतील हां. येतील आता."

कानिफनाथही त्या खडकाकडे बघत बसून राहिला.